दुसरी प्रत

रविवारी सकाळी अकरा वाजता हिवराळ्यांची बैठक गणपूर्तीअभावी तहकूब झाली, कारण मनकर्णाबाई गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. दहा मिनिटांनी त्या चिमट्यांची पिशवी काखेत धरून खाली आल्या, पदराला हात पुसले आणि बुद्धाच्या व बाबासाहेबांच्या तसबिरींसमोर उभ्या राहिल्या. त्रिशरण झालं, पंचशील झालं, आणि गारखेड्यातल्या त्या घरात कामकाज रीतसर सुरू झालं.

घरच्या बैठकीला अध्यक्ष लागतो, ठरावाला सूचक-अनुमोदक लागतात आणि जे बोललं जाईल ते वहीत उतरतं, हा नियम कडुबांनी चौऱ्याऐंशी साली केला होता. कलेक्टर कचेरीच्या अभिलेख कक्षात, लाल फडक्यात बांधलेल्या बस्त्यांमध्ये एकतीस वर्षं काढलेल्या माणसाचा तोंडी बोलण्यावर विश्वास बसत नाही. बाकीच्या घरांत भांडणं होतात. हिवराळ्यांकडं ती विषयपत्रिकेप्रमाणे होतात. सध्या इतिवृत्ताची चौथी वही चालू होती. पहिलीत 'फ्रीज घेण्याबाबत' असा ठराव होता आणि तिसरीत 'राजकुमारच्या लग्नात बँड असू नये. असल्यास लहान असावा' असा. मनकर्णाबाईंनी चाळीस वर्षांत एकही सूचना मांडली नव्हती. अनुमोदन मात्र प्रत्येक ठरावाला त्यांचंच होतं. सुरुवातीला अंगठा, पुढं साक्षरता वर्गाला जायला लागल्यापासून सही.

"मागील बैठकीचं इतिवृत्त वाचून कायम करण्यात येत आहे," राजकुमार म्हणाला. तो वीज कंपनीत उपअभियंता होता आणि वडिलांनी, म्हणजे कडुबा आबांनी, पंचाहत्तरीला खुर्ची सोडल्यापासून घराचा अध्यक्ष होता.

"वाचलं कुठं?" सुलेखानं विचारलं.

"वाचलं असं समजण्यात येत आहे."

"माझी हरकत आहे."

"तू दर वेळी हरकत घेते."

"तुम्ही दर वेळी वाचत नाही."

सुलेखा खंडपीठात वकिली करायची. लग्न होऊन आली तेव्हा हे सासर तिला विचित्र वाटलं होतं. आता ती वकिलांच्या बार रूममध्ये सांगायची की दोन्ही पक्षांचं शांतपणे ऐकून घेणारं एकच न्यायालय मराठवाड्यात आहे आणि तिथं चहा मिळतो. आज मात्र तिला कामकाजाची लक्षणं ठीक दिसत नव्हती. आबा दिवाणावर बसले होते. नेहमी ते खुर्चीत बसत. दिवाणाखाली लोखंडी पेटी होती, आणि आबांचे पाय तिच्यासमोर असे होते की जणू पेटी उठून जाईल.

"विषय क्रमांक एक," राजकुमारनं वाचलं. "विशाखाच्या गळ्याच्या ऑपरेशनबाबत विचारविनिमय करणे."

"विचारविनिमय खोड दादा," विशाखा म्हणाली. ती वाटाणे सोलत होती. "माहितीस्तव, असं लिही. बुधवारी सकाळी आठ वाजता आहे."

विशाखा त्रेचाळीस वर्षांची होती. हृदयाला छिद्र आणि फुप्फुसाकडं जाणारी वाट अरुंद, अशी ती जन्मली. ओठ जांभळे, नखं जांभळी. खेळता खेळता मध्येच थांबून उकिडवी बसायची, गुडघे छातीशी घेऊन. असं का बसायची हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बसलं की श्वास येतो एवढं तिच्या अंगाला कळलं होतं. गल्लीतली पोरं ओरडायची, "विशी बसली, थांबा रे!" आणि सगळा लंगडीचा डाव थांबायचा. ती उठली की पुढं सुरू. सहाव्या वर्षी मुंबईला नेऊन ऑपरेशन झालं, ओठ गुलाबी झाले, आणि तिथून पुढं सदतीस वर्षं घरच्यांनी तिला कपाटातल्या काचेच्या सेटसारखं वागवलं. सायकल देऊ नये, ठराव क्रमांक एकोणतीस. स्थळ आलं तर चहाच्या आधी हृदयाचं सांगावं, ठराव एक्केचाळीस. तीन स्थळं आली, तिघांनी चहा घेतला. ती मात्र डी.एड. झाली, देवगाव रंगारीच्या जिल्हा परिषद शाळेत लागली आणि सोळा वर्षं रोज एसटीनं जाऊन-येऊन दुसरीच्या वर्गाला बेरीज शिकवत राहिली. त्याबद्दल ठराव झाला नाही, कारण तिनं विषय पटलावर ठेवलाच नाही.

तिला काहीही झालं तरी घरात एकच निदान व्हायचं: हृदयाचं असंल. खोकला हृदयाचा. पायाला कुरूप झालं तेव्हाही मनकर्णाबाईंनी हृदयाच्याच डॉक्टरांना विचारलं होतं. गेल्या दिवाळीपासून तिचा आवाज बसला, तोही हृदयाच्या खात्यात गेला. शेवटी दुसरीतली एक पोरगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही पानी पिता तव्हा गळ्यात बोर वर-खाली व्हतंय." घरातल्या चार मोठ्या माणसांना आठ महिने जे दिसलं नाही ते सात वर्षांच्या मुलीला एका घोटात दिसलं. सुईची तपासणी झाली. थायरॉइडचा कॅन्सर, लहान, अजून जागच्या जागी.

"माझं म्हणणं एवढंच," राजकुमार म्हणाला, "की घाई नको. दुसरं मत घेऊ."

"तिसरं घेऊन झालं."

"अगं पण तुझं हृदय..."

"हृदयाच्या डॉक्टरांचंच तिसरं मत आहे."

"एकदा दिलं व्हतं लेकरू कापाया," मनकर्णाबाई मध्येच म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. त्या वाटाण्याची टरफलं गोळा करत होत्या. "छाती उघडली व्हती. अकरा तास बाहीर बसले मी. आता गळा. मी नाय दिनार. ल्ह्या वहीत."

राजकुमारनं लिहिलं. दोन विरुद्ध एक, सुलेखानं मनात मोजलं. ती स्वतः विशाखाच्या बाजूची, म्हणजे दोन-दोन. राहिले आबा, आणि आबा खाली पेटीकडं बघत होते.

"माय, ऑपरेशनचं नंतर बोलू," विशाखानं वाटाण्याचं भांडं बाजूला ठेवलं. "आबा, पेटीची किल्ली?"

"शोधतोय."

"तीन आठवडे झाले."

"घर मोठं हाय."

सगळ्यांनी एकदा घराकडं पाहिलं. दोन खोल्या, एक हॉल, एक स्वयंपाकघर.

पेटीचं प्रकरण सरळ होतं. जन्मापासून हृदयात दोष घेऊन मोठ्या झालेल्या लोकांना तपासणाऱ्या डॉ. चारुता म्हणाल्या होत्या की हृदय हे ऑपरेशन सोसेल; पण अठ्ठ्याऐंशी साली आत नेमकं काय केलं, ठिगळ कुठं लावलं, कुठली झडप कापली, हे भूल देणाऱ्यांना कळायला हवं. मुंबईच्या त्या दवाखान्यात एवढे जुने कागद आता नव्हते. "तुमच्या घरी काही आहे का?" डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा विशाखाला हसू आलं होतं. "मॅडम, आमच्या घरी गल्लीतल्या नळाचेसुद्धा कागद आहेत."

कडुबांचा तो धर्मच होता. एक प्रत म्हंजी अफवा, ते म्हणायचे, दोन प्रती म्हंजी पुरावा. त्यांच्या वडिलांच्या नावावर हाडोळ्याची, गावकीच्या वतनाची तीन एकर जमीन होती आणि तिचा एकच कागद होता. चौसष्ट साली तो कचेरीत दाखवायला दिला आणि कचेरीनं सांगितलं, सापडत नाही. जमीन गेली. ज्या खोलीत बापाचा कागद हरवला त्याच खोलीत कडुबांनी पुढं नोकरी धरली. एकतीस वर्षं शोधला. त्यांना तो सापडला नाही, पण त्यांच्या हाताखालून त्यानंतर कुणाचाही एक कागद हरवला नाही. आणि असा माणूस आता म्हणत होता की किल्ली सापडत नाही.

राजकुमार वहीच्या समासात रेघांवर रेघा ओढत होता. आपण अध्यक्ष आहोत, एवढाच त्याला आधार होता. अठ्ठ्याऐंशी साली तो तेरा वर्षांचा होता आणि विशीला शाळेत खांद्यावर नेणं हे त्याचं काम होतं. ऑपरेशननंतर ती चालत जायला लागली तेव्हा पहिले काही दिवस त्याला आपले खांदे कशासाठी आहेत तेच कळेना. आता पन्नाशीला तो बहिणीसाठी एकच गोष्ट करू शकत होता: तिला पुढं सरकू न देणं. ते प्रेम आहे, याबद्दल त्याला शंका नव्हती. बहिणीला होती.

शिवाय त्याच्या मनात एक काटा होता. विशाखाचा रिपोर्ट आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहा दहाला त्यानं 'हिवराळे परिवार' या ग्रुपवर एक बातमी पाठवली होती. जन्मजात हृदयदोष असलेल्यांना मोठेपणी कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा काहीसा जास्त दिसतो, असं काहीतरी. त्यानं मथळा वाचला, खाली हात जोडल्याचं चिन्ह टाकलं आणि पुढं ढकलली. तो सगळंच ढकलायचा. हळदीचे फायदेही त्यानंच पाठवले होते. ग्रुपवर कुणीच काही बोललं नाही. पण त्या घरात आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा एक माणूस होता, हे राजकुमारच्या ध्यानात आलं नाही. कडुबांनी मोबाइलवर भिंग धरून ती बातमी वाचली होती. बारा मिनिटं. त्याच दिवशी किल्ली हरवली.

"अध्यक्ष महाराज," विशाखा म्हणाली, "कुलूप फोडायचा ठराव मांडू का?"

"कुलुपाला हात लावायचा नाय," कडुबा म्हणाले. तीन आठवड्यांत त्यांचा आवाज पहिल्यांदाच मोठा झाला. मग ते खाली बघत म्हणाले, "चहा घ्या आदी."

चहासाठी पंधरा मिनिटं तहकुबी झाली.

मनकर्णाबाईंनी आधण ठेवलं आणि सुलेखाकडं पाठ करून आलं ठेचायला घेतलं. या सुनेशी त्यांचं फारसं कधी पटलं नव्हतं. भांडणही झालं नव्हतं. सून पुराव्याशिवाय बोलत नाही आणि सासू पुराव्याविना सगळं जाणते, अशा दोन बायकांचं भांडण तरी कशावर होणार.

"आत्याबाई, किल्ली कुठंय?"

"मला काय ठाव."

"पन्नास वर्षं संसार केला तुम्ही त्यांच्याबरोबर."

"चोपन्न." आलं बारीक झालं होतं तरी त्या ठेचत होत्या. "करगोट्याला बांधलीय त्यानं. आंघोळीलाबी सोडत नाय. गंज लागंल म्हून वर प्लास्टिक गुंडाळलंय."

सुलेखा हसली नाही. "का पण?"

"भ्यालाय."

"कशाला? ऑपरेशनला?"

मनकर्णाबाईंनी आलं पाण्यात टाकलं. त्यांना दिसत होतं ते सुनेला कसं सांगावं? शहागंजातला तो जिना. कडेवर पोर, पोरीचे ओठ जांभळे, आणि खाली उभा राहिलेला नवरा, हातात शाळेच्या दप्तरासारखी पिशवी. वर एक्स-रेवाले चाचा. ते म्हणायचे, "क्या हिवराळे साब, फिर से? सुबेच तो निकाला ना सरकारी में?" आणि तरी काढून द्यायचे. मग पोरीला बरणीतली लिंबाची गोळी.

"तू वकील हायेस," त्या म्हणाल्या. "एखाद्यानं चांगल्यापायी केलं आन ते वंगाळ झालं, तर काय असतं गं कायद्यात?"

"बघावं लागतं, आत्याबाई. हेतू बघतात."

"आन हेतू कुठं ल्हेलेला नसला तर?"

सुलेखानं कप मांडले. पाच. मग आबांचा कप वेगळा काढून त्यात साखर घालायची नाही हे आठवून एक चमचा घातलीच.

चहानंतर विशाखा उभी राहून बोलली. वर्गात सवय झालेली.

"हरकतीचा मुद्दा. अठ्ठ्याऐंशीचा ठराव. सुलेखावहिनी, वाच ना."

पहिली वही सुलेखाकडं तयारच होती. पिवळ्या पानावर आबांचं मोत्यासारखं अक्षर होतं. "'ठराव क्रमांक सतरा. चि. विशाखाच्या हृदयाबाबतचा कोणताही निर्णय घरातील सर्वांच्या मतानं घेण्यात यावा. सूचक, कडुबा. अनुमोदक, मनकर्णाबाई, निशाणी अंगठा. मतदानाचा हक्क: विशाखा वगळून सर्व.'"

"वगळून का?" विशाखानं विचारलं.

"तू सहा वर्षांची होतीस," राजकुमार म्हणाला.

"आणि आता?"

वहीत कुठंही दुरुस्ती नव्हती. सदतीस वर्षांत तिच्या मताबद्दल कुणी ठरावच केला नव्हता. राजकुमारनं पानं उलटली, पुन्हा उलटली; विजेच्या खांबावर चढल्यावर शिडी नसल्याचं कळावं तसा त्याचा चेहरा झाला.

"तांत्रिक चूक आहे," तो पुटपुटला.

"मग ऐका," विशाखा म्हणाली. "कागद मिळाले तर बुधवारी ऑपरेशन. नाही मिळाले तर चारुता मॅडम म्हणतात, जांघेतून नळी घालून हृदय आतून बघावं लागेल, सीटी काढावा लागेल. महिना जाईल. गाठ थांबणार नाही महिनाभर. आणि ते सगळं एक्स-रेवरच होतं."

"पुन्ना एक्स-रे?" कडुबांनी विचारलं.

"हो."

"किती?"

"नळीच्या तपासणीत मोजत नाहीत आबा, चालूच असतो. तुमच्या शहागंजातल्या त्या फोटोंपेक्षा पुष्कळ जास्त."

मनकर्णाबाई उठल्या. पदर खोचला. "माझी सूचना हाय," त्या म्हणाल्या.

राजकुमारचा पेन थांबला. असं कधी झालं नव्हतं.

"पेटी उघडा. आन पोरीचं मत मोजा. मी मघाशी नाय म्हनले ते खोडा. अनुमोदन कुनाचं?"

"माझं," सुलेखा म्हणाली.

कडुबांनी कुणाकडं पाहिलं नाही. सदऱ्याखाली हात घालून बराच वेळ गाठ सोडवत राहिले, कारण गाठ त्यांनीच मारलेली होती आणि ते कच्ची गाठ मारत नसत. प्लास्टिक उलगडलं. पेटी बाहेर ओढायला राजकुमार पुढं झाला तर त्याला हातानंच बाजूला केलं.

आत वीसेक बस्ते होते, सगळे लाल फडक्यात, प्रत्येकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी: 'विशाखा ८३', 'विशाखा ८४', अशी शेवटपर्यंत. 'मुंबई' लिहिलेला बस्ता त्यांनी न शोधता काढला. सुलेखानं तो उघडला आणि ती वाचता वाचता खाली बसली.

अकरा पानं होती, हातानं लिहिलेली. ऑपरेशनचं पूर्ण टिपण, इंग्रजीत. मुंबईला वॉर्डातल्या कारकुनाला कडुबांनी सांगितलं होतं, मीबी कारकून हाय, कागद बाहीर नेनार नाय, फकस्त उतरून घेतो. दोन दुपारी त्यानं त्यांना टेबल दिलं. कडुबांचं इंग्रजी कचेरीपुरतं. त्या टिपणातल्या शंभर शब्दांपैकी दहासुद्धा त्यांना कळत नव्हते. म्हणून त्यांनी वाचलं नाही, काढलं. रांगोळीसारखं, अक्षर बघून अक्षर. डॉक्टरांनी हृदयाची आकृती काढली होती ती कार्बन ठेवून जशीच्या तशी उमटवली. ठिगळाची जागा, टाके, सगळं. शेवटी 'नक्कल तपासली' अशी सही. खाली आणखी अकरा पानं, तीच, दुसरी प्रत.

"एक खाडाखोड नाही," सुलेखा म्हणाली. खंडपीठात तिनं मोठमोठ्या कचेऱ्यांच्या नकला पाहिल्या होत्या. "एकसुद्धा नाही आबा."

राजकुमार हसायला लागला, त्याला वाटलं संपलं. पण कडुबांनी दुसरा बस्ता काढला, मग तिसरा. खाकी पाकिटं. एक फिल्म त्यांनी खिडकीसमोर धरली. बरगड्यांची छोटीशी शिडी आणि मध्ये बुटासारखं हृदय.

"आता वहीत ल्ही," ते राजकुमारला म्हणाले. "सरकारी दवाखान्यात फोटो काढत. फिल्म त्ये ठिवून घेत. आपल्याकडं काय राहिलं? काय नाय. म्हून त्याच दिवशी शहागंजात नेऊन मी दुसरा काढायचो. घरच्या प्रतीसाठी."

"आबा, बोलू नका," सुलेखाच्या तोंडून निघून गेलं, अशिलाला सांगतात तसं.

"बोलू दे. एका वर्साला दोन, तीन. कधी चार. अठरा वर्सं. चोपन्न हायेत हितं. डाक्टरनं मागितलेले येगळे. हे मी मागितलेले." त्यांनी फिल्म खाली घेतली. "राजानं पाठवलं व्हतं त्याच्यात ल्हेलंय. लहानपनी एक्स-रे जास्ती झाले तर मोठेपनी... ल्ही. सूचक, कडुबा."

राजकुमारनं लिहिलं नाही.

विशाखा सगळ्यांत आधी बोलली. "मला वाटायचं आपण गोळीसाठी जातो. लिंबाची."

"विशे..."

"मला माहीत होतं आबा, किल्ली का हरवली ते. बातमी मीही वाचली. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. मंगळवारपर्यंत थांबणार होते, मग कुलूपवाला सांगितलाय."

ती त्यांच्यासमोर बसली. "चारुता मॅडमना सरळ विचारलं मी. एवढे जादा फोटो म्हणजे किती धोका. त्या म्हणाल्या, छातीच्या साध्या फोटोचा डोस लहान असतो. नळीचा मोठा, ते मुंबईला झालंच. धोका थोडा जास्त दिसतो हे खरं, पण कशानं किती ते अजून कुणी वेगळं करू शकलेलं नाही. जन्मतःच काही असेल. आम्हाला सारखं तपासतात, म्हणून सापडतही असेल जास्त. आणि बहुतेकांना काहीच होत नाही. मी विचारलं, मग हे आधी का नाही सांगितलं कुणी? तर म्हणाल्या, आधी ही मुलं एवढी जगायचीच नाहीत. मोजणार कुणाला? तुम्ही लोक म्हणजे पहिली तुकडी."

"म्हंजी माझ्यानं झालं का नाय?"

घरातल्या कुणालाही त्या क्षणी 'नाही' म्हणता आलं असतं. राजकुमारनं तोंड उघडलंही. पण विशाखानं सोळा वर्षांत सात वर्षांच्या पोरांची चुकलेली बेरीज कधी बरोबर म्हटली नव्हती.

"माहीत नाही आबा. कुणालाच नाही. झालं असेल थोडं, नसेलही. पण हे अकरा कागद नसते तर बुधवार गेला असता, हे माहीत आहे."

कडुबांनी मान हलवली. मग ते उठायला गेले आणि उठता आलं नाही. एकोणऐंशी वर्षांचे गुडघे वाकले आणि ते पेटीजवळ उकिडवे बसले, हात गुडघ्यांवर, तोंड उघडं, श्वास वर वर चाललेला. राजकुमार "पाणी, पाणी" करत धावला. मनकर्णाबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी हे बसणं पूर्वी पाहिलं होतं.

विशाखा सरकली आणि बापाच्या शेजारी तशीच उकिडवी बसली, गुडघे छातीशी.

"थांबा रे जरा," ती राजकुमारला म्हणाली. मग आबांना, "बसा असंच. बसलं की येतो श्वास. घाई नाही करायची, डाव थांबलाय."

दोघं बसून राहिले. वहीवर पेन आडवा पडला होता. कुणीच उचलला नाही. हळूहळू कडुबांचा श्वास खाली आला.

"बुधवारी येनार हाय मी," ते म्हणाले.

"यायचंच आहे. डिस्चार्जचे कागद कोण घेणार? मी गुंगीत असेन." ती अकरा पानांचा गठ्ठा छातीशी धरून उठली आणि त्यांना हात दिला. "दोन प्रती मागा."

कडुबांनी तिच्याकडं पाहिलं. त्यांचा हात अर्ध्यावर थांबला होता. "दोन?"

"कागदाच्या आबा. कागदाच्या कितीबी काढा."